बारा ढांगा अलीकडे

मी फणसाच्या लाकडाचा एक बोर्ड आहे. बेळगावातून खानापूरच्या रस्त्यानं निघालात आणि मध्येच माळावर आत वळलात, तर एक लांबट कुंपण दिसेल. त्या कुंपणात माणसं ओळीनं उभी राहून पांढरे चेंडू मारत असतात, आणि मारलेला चेंडू आणायला त्यातलं कोणीच जात नाही. त्याला गोल्फची रेंज म्हणतात. हा खेळ नव्हे, खेळाची तालीम. चेंडू किती लांब गेला ते मारणाऱ्याला कळावं म्हणून तिथं आकडे लिहिलेले बोर्ड रोवलेत. दीडशेचा बोर्ड तो मी.

बोलायचं कारण एवढंच, की मी दोन महिने उभ्यानं खोटं बोललो. ते एकदा सांगून टाकावं म्हणतो.

मूळचा मी जांबोटीचा. तिथून कापून आणला तो वडगावात, भरमा नावाच्या विणकराच्या घरी. त्याचा माग खड्ड्यातला. पाय खड्ड्यात सोडून काठावर बसायला एक रुंद फळी लागते, ती मी झालो. एकतीस वर्षं भरमा माझ्यावर बसला. माणूस रोज ज्या फळीवर बसतो तिला त्याचं सगळं कळतं. ताण्याचा धागा तुटला की तो जरा पुढं सरकायचा. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी तो नुसताच बसून राहिला, धोटा हातात धरून.

पुढं हातमागाला कोण विचारेना. भरमा थोडे दिवस यंत्रमागावर गेला, पण उभं राहून राहून गुडघे गेले. माग मोडला, लाकूड चुलीत गेलं. मला मात्र त्यानं भिंतीला टेकवून ठेवलं. त्याची बायको रुक्माबाई माझ्यावर सांडगे वाळत घालायची.

मग फौजेतून निवृत्त झालेल्या नागराज सरांनी ही रेंज काढली. त्यांना चेंडू वेचायला धीराचा माणूस हवा होता. भरमा गेला. बोर्डांसाठी आणलेला पत्रा एका बोर्डापुरता कमी पडला, तेव्हा भरमानं मला सायकलवर बांधून आणलं. मधून कापलं, दोन तुकडे जोडले, पांढरा रंग दिला. सरांनी वर आकडा काढला.

भरमा शाळेत गेलेला नव्हता. पण मोजणं त्याच्या अंगात होतं. त्यानं विचारलं, "सर, ह्ये यार्ड म्हंजे किती?"

"यार्ड म्हणजे आपला वारच की ओ, भरमाण्णा."

भरमानं क्षणभर आभाळाकडं बघितलं. "मग दीडशे म्हंजे सोळा नऊवारी लुगडी आणि वर सहा वार."

सर हसले. पण टेप लावून मला रोवलं आणि मग भरमानं ढांगा टाकून पाहिल्या, तर बरोबर दीडशे. त्याची ढांग वाराला वार होती.

आता माझं काम काय? उभं राहायचं. पण उभं राहून माणसं दिसतात. चेंडू माझ्या अलीकडं पडला तर वारा आडवा आलेला असतो. पलीकडं गेला तर वारा मुळीच नसतो. दहा चेंडूंतला एक चांगला गेला की माणूस तीच आपली लांबी धरतो, उरलेले नऊ विसरून जातो. एवढ्या लांबून डोळा फसतो, हेही खरं. दहा वार अलीकडं पडलेला चेंडू मारणाऱ्याला माझ्या पायाशीच दिसतो. खरं काय ते फक्त वेचणाऱ्याला ठाऊक.

त्या माणसांत पूर्णिमा यायची. खानापूरकडच्या खेड्यातली पोरगी, वय सतरा. तिचे वडील, आप्पा, शहरात एका कारखान्यात कामाला, घरी भातशेती. शाळेच्या हॉकीत तिचा हात बघून सरांनी तिला बोलावलं होतं, शिकवायचे फुकट. कॉलेज सुटलं की ती यायची आणि सात नंबरची काठी घेऊन माझ्यावर नेम धरायची. सर म्हणाले होते, सात नंबरनं दीडशे गाठलीस की तुझं नाव बंगळूरच्या निवडीला पाठवतो. आठ महिने ती मारत होती. चेंडू माझ्या अलीकडंच पडायचे.

संध्याकाळी भरमा वेचताना ती ओरडून विचारायची, "आज्जा, किती?"

"जवळ आलीयास गं. जरा ऱ्हायलंय."

फाल्गुनात एका टिटवीनं माझ्या पायाशी खड्यांत चार अंडी घातली. घरटं म्हणावं असं काहीच नाही, मातीच्या रंगाची अंडी नुसती मांडलेली. आणि सगळ्या माणसांचा नेम माझ्यावर. तिसऱ्या दिवशी एक अंडं फुटलं. टिटवी दिवसभर ओरडत वर फिरत होती. भरमा वेचायला आला, त्यानं ते बघितलं आणि टोपली खाली ठेवली.

"बाई, सगळा माळ पडलाय, तुला हीच जागा गावली व्हय," तो म्हणाला.

मग त्यानं मला मुळातून उपटलं. माणसांच्या बाजूला बारा ढांगा चालत गेला आणि तिथं मला रोवलं. आधीच्या जागेवर एक दगड ठेवला. त्याचा हिशेब सरळ होता. बोर्ड अलीकडं आला की नेम अलीकडं येणार, चेंडू अलीकडं पडणार. अंडी फुटून पिल्लं चालायला लागली की मला परत जागेवर नेणार होता. त्यानं कोणाला सांगितलं नाही, कारण पाखराच्या अंड्यासाठी बोर्ड हलवला म्हटलं तर लोक हसले असते.

टिटवीची तीन पिल्लं निघाली आणि दुसऱ्याच दिवशी आईच्या मागं पळून गेली. पण तोवर भलतंच होऊन बसलं होतं, आणि मला परत जागेवर न्यायला भरमाचा हात धजेना. रेंजवरची सगळी माणसं खूश होती. एक डॉक्टर म्हणाले, माझी कंबर सुटली, आता चेंडू लांब जातो. एकानं नवी काठी घेतली होती, तो तिचं कौतुक करत होता. सगळे सरांच्या शिकवण्याला मान देत होते, आणि सरही तो घेत होते. सरांकडं अंतर सांगणारी दुर्बीण होती, पण तिचा सेल संपला होता. चांगलं चाललेलं असताना सेल आणायला कोण जातंय.

आणि एका संध्याकाळी पूर्णिमाचा चेंडू थेट येऊन माझ्या कपाळावर बसला. लाकडाचा आवाज सगळ्या माळावर गेला. ती काठी टाकून पळत आली, भरमाच्या पाया पडली. "आज्जा, दीडशे गेला."

भरमाचा हात तिच्या डोक्यावर होता आणि नजर त्या दगडावर. त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. तो बोलला नाही. मला तर तोंडच नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आली. तिच्या आप्पांनी गल्लीत वाटले होते.

वैशाखात बंगळूरचा दिवस जवळ आला. आठवडा उरला तेव्हा सर तिला कागदावर तिथलं मैदान काढून दाखवत होते. भरमा शेजारी चेंडू धूत होता. "हे बघ," सर म्हणाले, "इथं तळं आहे. पलीकडं जायला एकशे पंचेचाळीस पाहिजे. तुझा सात नंबर दीडशे जातो. डोळे झाकून मार, बरोबर की न्हाई?"

"व्हय सर."

भरमाच्या हातातला चेंडू बादलीत पडला.

दुपारी रुक्माबाई भाकरी घेऊन आली. दोघं माझ्या सावलीत बसली, आणि भरमानं तिला सगळं सांगितलं. टिटवीपासून तळ्यापर्यंत. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "पाखराची पिल्लं जगवलासा. आता माणसाची पोरगी पाण्यात घालूलासा व्हय?"

"तिचं तोंड बघितली न्हाईस तू त्या दिवशी."

"आणि तळ्यापाशी तिचं तोंड कसं हुईल, ते कोण बघणार? तुमी न्हाई बघणार. म्हणून गप बसलायसा."

भरमानं भाकरी अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा आल्या आल्या त्यानं तिला मारू दिलं नाही. हाताला धरून माझ्यापर्यंत आणलं, माझ्या पुढं नेलं आणि दगड दाखवला. "बोर्डाची जागा ही. मी हलवलो. टिटवी बसलती."

तिला आधी समजेना. मग ती माझ्याकडं आली, पाठ माझ्या लाकडाला लावली आणि दगडाकडं एक एक ढांग टाकत मोजत गेली. तेरा. परत मोजत आली, तेराच. तिची ढांग आखूड, म्हणून भरमाच्या बारापेक्षा एक जास्त भरली.

"म्हंजे माझा दीडशे कधी गेलाच न्हाय?"

"न्हाय गं बाळ."

"एकदाबी?"

"एकदाबी न्हाय."

खाली बघतच ती बोलली. "आज्जा, आप्पांनी पेढे वाटले. आत्या चिकोडीवरनं आलती." मग मान वर करून म्हणाली, "हे कधी सांगणार होता?"

"रोज," भरमा म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि निघून गेली. बॅगही इथंच ठेवून गेली.

सरांना कळलं तेव्हा ते चिडले, पण ओरडले नाहीत. डोकं धरून बाकावर बसले. "अय्यो भरमाण्णा, दोन महिन्यांत मी कोणाकोणाला काय काय सांगितलंय, तुला ठाऊक आहे काय? त्या डॉक्टरला आता कंबर कशी परत देऊ?"

"मला काढून टाका सर. तिला तेवढं पाठवा."

"तिला पाठवतोच रे. पण ती आली पाहिजे की."

दोन दिवस ती आली नाही. भरमा वेचायला यायचा, तिची बॅग आत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत बाहेर आणून ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कोणी नसताना ती आली. आप्पा तिला गाडीवरून सोडून गेले. भरमा पुढं झाला नाही. तीच म्हणाली, "आज्जा, बोर्ड नको मला. तुम्ही मोजा."

मग तीन दिवस हे चाललं. ती एक चेंडू मारायची आणि थांबायची. कुंपणाच्या कडेला तिच्या ओळीत उभा असलेला भरमा ढांगा मोजत चेंडूपाशी जायचा, तिथून हाक द्यायचा. एकशे सदतीस. एकशे एकोणचाळीस. एकशे तीस. नऊ नंबर, आठ नंबर, सात, सहा, सगळ्या काठ्या पहिल्यापासून; काठीचा नंबर लहान तसा चेंडू लांब. चांगल्या चेंडूला दोघं खूश झाली नाहीत आणि वाईटाला हळहळली नाहीत. नुसतं मोजत गेली. गुडघ्यांना फडकं बांधून भरमा चालत होता. मी एवढी वर्षं त्याचं वजन पेललं, पण त्याला इतकं हळू आणि इतकं सरळ चालताना तेव्हाच बघितलं.

ती बंगळूरला गेली, चौथ्या दिवशी आली. गाडीवरून उतरून सरांकडं न जाता आधी भरमाकडं आली.

"सहा नंबर काढला तळ्याला. पार गेला."

"आणि निवड?"

"न्हाय झाली, आज्जा. दोन फटके जास्ती पडले. पुढच्या साली बघू म्हणाले." तिनं बॅग खाली ठेवली. "पण पाण्यात न्हाय गेला."

भरमानं टोपी काढली आणि परत घातली. 

सरांनी नवे बोर्ड मागवले होते, प्लास्टिकचे, लांबून चमकणारे. दीडशेचा नवा बोर्ड दगडाच्या जागी लागला. मला उपटायला माणसं आली, तेव्हा पूर्णिमा आडवी आली. "ह्याला हलवू नका. आकडा तेवढा बदला."

"एकशे अडतीसचा बोर्ड जगात कुठं असतो काय गं?" सर म्हणाले.

"माझा सात नंबर इथं पडतो, सर."

सरांनी रंगाचा डबा उघडला. ब्रश तिच्याच हातात दिला.

तेव्हापासून मी इथं आहे. नवी माणसं येतात, माझ्यावरचा आकडा वाचून हसतात, हे काय म्हणून विचारतात. डॉक्टर तर माझ्याकडं बघतच नाहीत. माझं खालचं टोक मातीत कुजायला लागलंय, वाळवीही लागलीय. फार दिवस निघतील असं वाटत नाही.

जायच्या आधी तुम्हाला एकच विनवतो. लांबून माझ्याकडं बघून आपलं माप ठरवू नका. मी लाकूड आहे, माणूस रोवील तिथं उभा राहतो. मारलात की एकदा तरी कुंपणाच्या कडेनं चालत या आणि तुमचा चेंडू कुठं पडलाय तो बघा.

आता संध्याकाळ होत आलीय. ओळीतून पूर्णिमानं मारलंय, चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. भरमा निघालाय, ओठ हलताहेत. माझ्यापाशी आला, थांबला नाही, तीन ढांगा पुढं गेला आणि वाकला.

"एकशे एक्केचाळीस," त्यानं हाक दिली.

तिनं ऐकलं. हात वर केला, आणि दुसरा चेंडू ठेवला.