उपास सुटल्यावरचा पाहुणा

ईस्टरच्या तिसऱ्या दिवशी याश शहरात कुणी उपासाचं खायला मागितलं, तर लोक आधी हसतात आणि मग त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. सात आठवडे मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य केलेली माणसं रविवारपासून कोकरावर तुटून पडलेली असतात. अग्लायाच्या सहा टेबलांच्या खानावळीतही त्या दुपारी कोकराच्या आंबट रश्श्याचा घमघमाट सुटला होता. नेमका तेव्हाच एक तिशीचा लांबडा डच माणूस भिंतीला सायकल टेकवून आत आला.

"ख्रिस्त उठला!" रोजचं गिऱ्हाईक असलेला म्हातारा कोस्ताके ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे जागेवरूनच ओरडला.

"खरंच उठला," पाहुण्यानं पढवल्यासारखं उत्तर दिलं. "मावशी, उपासाचं काही आहे?"

"अरे, देव उठला तरी तू अजून उपाशीच?" कोस्ताके म्हणाला, आणि सगळी खानावळ खदखदून हसली.

त्याचं नाव वेसेल. पाच आठवडे तो सायकलवरून देश पालथा घालत होता. जनावरापासून आलेलं काहीच तो खात नसे, आणि ते सांगायला इथं त्याला एवढा एकच शब्द पुरला होता. 'उपासाचं' म्हटलं की टपरीवाल्यापासून मठातल्या जोगिणींपर्यंत सगळ्यांनी त्याला पोटभर वाढलं होतं. रविवारी घंटा वाजल्या आणि तो शब्द निकामी झाला. दोन दिवस गडी नुसत्या पावावर आणि खारवलेल्या काकडीवर होता. हे त्यानं मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, पण कुरकुर म्हणून नाही.

अग्लाया आत गेली. तिची नणंद वेता भांडी घासत होती.

"एवढा काय विचार करताय वहिनी? मांस काढा बाजूला, बटाटे-गाजरं द्या वाढून. त्याला काय कळतंय!"

अग्लायानं तेच केलं. हात सराईतपणे चालला, कारण हे तिनं पूर्वी एकदा केलं होतं.

चार वर्षांपूर्वी तिची मुलगी ओतिलिया परदेशातून, तोरिनोहून, ईस्टरला घरी आली आणि म्हणाली, मी आता जनावराचं काही खात नाही. "का गं, डॉक्टरनं सांगितलं?" "नाही. असंच, आई." असंच! आईनं चार दिवस राबून रांधावं आणि लेकीनं 'असंच' म्हणून ताट सरकवावं! अग्लायाचं डोकं फिरलं. तिनं गुपचूप लेकीच्या घेवड्यात हाडांचं पाणी ओतलं. ओतिलियानं दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. "आई, यात काय घातलंस?" अग्लायानं भिंतीवरच्या मेरीमातेच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली, काही नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली ती गेलीच. आता दर ईस्टरला फोनवर 'ख्रिस्त उठला', 'खरंच उठला', आणि पलीकडून फोन बंद. यंदाचा फोन करायचं धाडस अग्लायाला अजून झालं नव्हतं.

ताटली घेऊन ती बाहेर आली तेव्हा कोस्ताके हळू आवाजात म्हणाला, "हसू नका रे. ईस्टरच्या आठवड्यात कोण उपास धरतं? नवस असणार. कुणीतरी मरणाच्या दारात असेल त्याच्या घरी."

अग्लायाच्या अंगावर काटा आला. तोवर ताटली टेबलावर गेली होती. वेसेलनं तिच्याकडे बघून मान तुकवली, हसला आणि काही न विचारता चमचा बुडवला. इतका विश्वास! दोन दिवसांचा भुकेला माणूस, चोहीकडे कोकराचा वास, बघणारं कुणी नाही, पाठीशी कुणी नाही, आणि तरी हा एकटा पाळतोय.

तिनं त्याच्या हातातला चमचा हिसकावला. "गार झालंय. थांब तू."

मग तिनं पाण्यात मक्याचं पीठ शिजवून मामालिगा घोटायला घेतली. पांढरा घेवडा शिजलेला होताच. तो लसूण घालून लोण्यासारखा ठेचला, वर तेलात लालतिखट टाकून परतलेला कांदा ओतला. कपाटामागून भाजल्या वांग्याची, मिरच्यांची बरणी निघाली. सगळं घरातच होतं. वेता पुटपुटत राहिली, पण अक्रोड तिनंच फोडले.

पातेलंच टेबलावर आलं आणि वेसेल जेवू लागला. तो सावकाश, डोळे मिटून जेवत होता. देवळात मेणबत्ती लावताना वाटतं तसं अग्लायाला वाटलं, आणि तिनं नकळत छातीवर क्रूस काढला.

"बाळा, कुणासाठी नवस बोललास?"

"नवस नाही, मावशी."

"मग पाद्रीबुवांनी प्रायश्चित्त दिलं?"

"नाही. देव... मला फार माहीत नाही." तो शब्द शोधू लागला. "आमच्या घरी गायी. बाबा वासरू नेतात. गाय तीन दिवस ओरडते. मी लहान, ऐकतो. मग मोठा झालो, नको म्हणालो. असंच."

असंच. ज्याच्यापुढे अग्लायानं आत्ता क्रूस काढला, तेच तिच्या पोटची पोर करत होती. परदेशात, एकटी, चार वर्षं. आणि तिला आपण काय खाऊ घातलं? तिला स्वतःची एवढी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. तिथंच, सगळ्यांसमोर, तिनं फोन लावला.

"ख्रिस्त उठला, ओतिलिया."

"खरंच उठला, आई. चल, ठेवते."

"ठेवू नकोस. त्या वेळी घेवड्यात मी हाडांचं पाणी घातलं होतं. तसबिरीवर हात ठेवून खोटं बोलले."

"मला माहीत होतं," ओतिलिया म्हणाली. "पण आज का सांगतेस?"

"एक पाहुणा आलाय तुझ्यासारखा. त्याला मी साधू समजले गं. आणि तुला..."

"त्याला काय वाढलंस?"

"मामालिगा. घेवडा, वर तेलातला कांदा."

"कडेनं करपवलेला?"

"तुला आवडतो तसाच."

मग लहानपणी शाळेतून आल्यावर विचारायची त्याच आवाजात ओतिलियानं विचारलं, "थोडं उरलंय का?"

अग्लायानं पाहिलं. वेसेल पावाच्या तुकड्यानं पातेलं पुसत होता.

"नाही, सगळं संपलं," ती म्हणाली. "तू ये. ताजं करते."