नावाच्या चौकटीत

इस्पितळातल्या माणसांना किल्लीवाले दिसले की एकच प्रश्न सुचायचा. "काय हो, आमचे पासवर्ड दिसतात का तुम्हाला?" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, मुकादमाने जिन्यात विचारलं, आणि हिशेबनीसाने तर इकडेतिकडे बघत, स्वतःच्याच तपासणीचा निकाल विचारतोय अशा आवाजात विचारलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

इस्पितळाची साइट हा माणूस सांभाळायचा. सगळ्यांची कुलपं त्याच्या ताब्यात, म्हणून किल्लीवाले. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र तो न कंटाळता द्यायचा.

"अहो, तुम्ही पासवर्ड टाकलात की साइट तो दळते. ठेवते ते पीठ. उद्या पुन्हा टाकलात की पुन्हा दळते आणि पिठाला पीठ जुळतंय का बघते. पिठाचे पुन्हा दाणे कुणी करून दाखवावेत! मला दिसत नाहीत, आणि दिसले तरी बघू नयेत."

यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त एक फट होती आणि ती तो सांगत नसे. आत जाताना दोन चौकटी भराव्या लागतात, वरची नावाची आणि खालची पासवर्डाची. खालची दळली जाते, वरची नाही. घाईत कुणी पासवर्ड वरच्याच चौकटीत टाकला, तर साइट म्हणते, या नावाचं इथे कुणी नाही. आणि ते 'नाव' जसंच्या तसं फसलेल्या खटपटींच्या यादीत टिपून ठेवते. कुणी चोर कुलपं खडखडवतोय का, हे कळावं म्हणून ती यादी. तो ती रोज सकाळी चहाबरोबर वाचायचा.

असे घसरलेले पासवर्ड अधूनमधून सापडायचेच. त्यासाठी त्याने स्वतःला नियम घालून घेतला होता. ताबडतोब फोन करायचा, "तुमचा पासवर्ड चुकून वर पडलाय, आत्ताच्या आत्ता बदला," असं सांगायचं, आणि वर म्हणायचं, "मी वाचला नाही हं." हे शेवटचं अर्थातच खोटं. वाचल्याशिवाय तो पासवर्ड आहे हे कळणार कसं?

त्या सकाळी यादीत अशी एक ओळ होती. नमुना खिडकीच्या टेबलावरून आलेली. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत, एकाला एक चिकटवून, आख्खं वाक्य होतं. आता आईला घेऊन जा देवा.

ती चिकटलेली अक्षरं सोडवायला जरा वेळ लागला. अर्थ लागायला वेळ लागला नाही. नमुना खिडकीत रक्तालघवीच्या बाटल्या जमा होतात आणि सकाळच्या पाळीला तिथे एकच बाई बसते. ती त्याची सख्खी थोरली बहीण होती.

चहा पुढ्यात होता तो तसाच निवला.

आई पडली, कंबर गेली, तेव्हापासून ती ताईकडेच होती. ताई एकटी, तिचं घर तळमजल्यावर. याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे कारण इतकं सोयीचं होतं की त्याची सगळ्यांना सवयच होऊन गेली होती. दर रविवारी तो फळं घेऊन जायचा, आईच्या उशाशी तासभर बसायचा, आणि निघताना म्हणायचा, "ताई, काही लागलं तर सांग हं." ताई म्हणायची, "हो रे बाळ्या." असा सगळा छान संसार चालला होता.

नियमाप्रमाणे त्याने फोन उचलला. काय सांगणार? "ताई, तुझा पासवर्ड वर पडलाय," म्हटलं की पुढचं तिचं तिला कळणार. आणि गप्प बसावं, तर ती रोज, दर वेळी कुलूप उघडताना, तेच वाक्य बोटांनी म्हणत राहणार आणि याला ते ठाऊक असणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने फोन ठेवून दिला.

मग भीती आली. आधी नुसती चुटपुट होती. ताईच ती, वैतागली असेल, माणूस म्हणतो असं. पण माणूस रोज म्हणतो का? ताई इस्पितळातली, कुठल्या औषधाने काय होतं हे तिला पाठ. आणि आईला रात्री झोपेची गोळी चालू होती. नको ते विचार मनात यायला वाट शोधावी लागत नाही, ते घरचेच असल्यासारखे येऊन बसतात. दुपारपर्यंत त्याला धीर निघेना. डोकं दुखतंय असं सांगून तो ताईच्या घरी निघाला. डोकं खरंच दुखत होतं.

दार आईला सांभाळणाऱ्या बाईंनी उघडलं. "आज रविवार आहे का हो?" त्यांनी विचारलं, आणि तुम्ही आहात तर मी जरा लवकर जाते, म्हणून चपला घातल्या.

आई झोपली होती. चादर स्वच्छ, केस विंचरलेले, नखं कापलेली. हे बघून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण त्याचे डोळे फडताळातल्या औषधाच्या डब्याकडे होते. डबा खाली घेऊन त्याने झोपेच्या गोळ्यांची पाकिटं काढली. डॉक्टरांची चिठ्ठी त्यातच होती. रोज एक. तारीख बघून तो मोजायला बसला. कमी भरल्या तर?

कमी नव्हत्या, जास्त होत्या. पाकिटंच्या पाकिटं, न फोडलेली, रबर लावून मागे सारलेली.

साठवतेय, असं त्याच्या मनात आलं. ताई गोळ्या साठवतेय. तो पलंगावर पसरलेल्या त्या पाकिटांकडे बघत राहिला आणि दाराचा आवाज त्याला ऐकूच आला नाही.

"बाळ्या? आज कसा काय?" ताई खांद्यावरची पिशवी न उतरवताच उभी होती. मग तिची नजर पाकिटांवर गेली. "काय शोधतोयस?"

"काही नाही. सहज."

"सहज?"

तिने पिशवी ठेवली, हात धुतले, आईच्या कपाळावर पालथा हात ठेवून बघितला. डोळ्यांखाली काळं झालेलं, केस सुटलेले. दर रविवारी तो हाच चेहरा बघत आला होता आणि एकदाही त्याला तो दिसला नव्हता.

"ताई," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "तुझा पासवर्ड बदल."

"का?"

"सकाळी नावाच्या चौकटीत पडलाय."

आईची चादर नीट होती ती तिने पुन्हा नीट केली. "तुला दिसत नाहीत म्हणाला होतास. पीठ की काय ते."

"दिसत नाहीत. वरच्या चौकटीतलं तेवढं दिसतं."

"आणि तू वाचलंस."

मी वाचलं नाही, हे वाक्य ओठांवर तयार होतं. वर्षानुवर्षं म्हणून म्हणून घोटलेलं. "वाचलं," तो म्हणाला.

ताईने पाकिटांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळताना त्याने बघितल्या, आणि आपण जमिनीत गडप झालो तर बरं, असं त्याला वाटलं.

"म्हणून मोजत होतास. आई जिवंत आहे ना, बघायला आला होतास!"

"ताई, इतक्या गोळ्या मागे ठेवल्यायस, मला वाटलं..."

"काय वाटलं, बोल ना. गोळी दिली की ती रात्रभर झोपते, कबूल. आणि दुसऱ्या दिवशी मला ओळखत नाही. ताई म्हणत नाही, कोण बाई तू म्हणते. म्हणून देत नाही. नाही दिली की रात्रभर हाका मारते. पाणी दे, कूस बदल, दिवा लाव, दिवा घालव. मी उठते. सकाळी खिडकीत बसते तेव्हा पडदा दिसत नसतो मला, कुठली चौकट आणि काय!" तिचा आवाज चढला होता, तो तिने आईकडे बघून खाली आणला. "माझी भीती वाटली तुला?"

"वाटली," तो म्हणाला. "दिवसभर वाटली. लाज वाटतेय मला."

"वाटू दे." ती खुर्चीत बसली. तिने ओले हात पुसले. "खोटं नाहीये ते, बाळ्या. मला खरंच तसं वाटतं. तिच्यावर जीव आहे आणि तसं वाटतं. कुणाला सांगू? बाईंना सांगू, की शेजारी? एक जागा होती, जिथे म्हटलं तर कुणाला कळत नव्हतं. तिथे म्हटलं की दिवस ढकलता यायचा. तेवढी एक जागा होती. आता मी कुठे म्हणू?"

त्याने पलंगावरची पाकिटं गोळा करून डब्यात ठेवली.

"मला म्हण," तो म्हणाला.

"ऐकवेल तुला?"

"माहीत नाही. म्हणून बघ."

ताईने आईकडे पाठ केली. मग तिने ते वाक्य म्हटलं, प्रत्येक शब्द सुटा, आपल्या साध्या बोलण्याच्या आवाजात. त्याचीही आईच होती ती. त्याला वाटलं कानांवर हात ठेवावेत, पण त्याने ठेवले नाहीत. मान वळवली नाही, असं बोलू नये असंही म्हणाला नाही. ती म्हणून झाल्यावर तिचे खांदे हलायला लागले, आणि ती रडते आहे हे त्याला मागाहून कळलं.

तेवढ्यात पलंगावरून हाक आली. "ताई! अगं ताई, पाणी!"

ताईचा एक हात खुर्चीच्या दांडीवर गेला, उठायला. डोळे अजून ओलेच होते.

"तू बस," तो म्हणाला.

"तुला जमायचं नाही. तिला मान वर धरून पाजावं लागतं, नाहीतर ठसका लागतो."

"मग तिथून सांग मला."

ती बसली. त्याने पेला भरला, आईच्या मानेखाली हात घातला. मान हलकी निघाली, त्याने मनात धरली होती त्यापेक्षा कितीतरी हलकी.

"अजून वर," ताई खुर्चीतून म्हणाली. "हं. आता पाज."