तो ड होता, ध नव्हे

राजाभाऊंना मी माफ केलं का, असं आमच्या मंडळीतले लोक अजून विचारतात. नाही केलं. प्रभूनं साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय. मी अजून पहिल्या वेळेलाच अडलोय.

साल एक्क्याऐंशी. मी आखातात, दोहा शहरात एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होतो, मुशैरिब भागात एका खोलीत आठजण राहायचो. तिथं चर्च नव्हतं. दर शुक्रवारी एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना व्हायची, बाहेर पाटी न लावता. गायनाची जबाबदारी एका इंग्रज मॅडमकडे होती. त्या वर्षी ईस्टरच्या आधी त्यांनी जुन्या लॅटिन उपासना-संगीताचा कार्यक्रम ठरवला. चार आवाजांतलं गाणं. त्यातला सगळ्यात खालचा आवाज, बास, आम्हा नगरच्या सहाजणांकडे होता.

मॅडमची रेघा-टिंबांची लिपी आम्हाला कुठली वाचता यायला? मिशनच्या चर्चमध्ये आम्ही डो, रे, मी, फा, सो, ला, टी शिकलेलो. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर: ड, र, म, फ, स, ल, ट. हे मला शिकवलं माझ्या आईनं, तानूबाईनं. मिशनच्या बंगल्यावर कपडे धुता धुता तिनं तिथल्या मिशनरी बाईंच्या बाजाचे चारही आवाज कानानं उचलले आणि गावच्या चर्चमध्ये तीस वर्षं गाणाऱ्यांकडून बसवून घेतले. त्या लॅटिन गाण्यांतलंच एक, आमच्याकडे नाताळात मराठीत म्हणायचे ते ‘पवित्र, पवित्र’, इथं घेतोय, असं मी तिला कळवलं. तिनं बासची पूर्ण ओळ पेन्सिलनं लिहून टपालानं धाडली. अक्षर थरथरतं, पण चूक एक नाही. तीन आठवड्यांनी तार आली, ‘आई प्रभूमध्ये निजली.’ पासपोर्ट कंपनीकडे. जाता आलं नाही.

मी तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवला. आम्ही सहाजण त्याच्याभोवती उभे राहून सराव करायचो. नक्कल करून ठेवायला हवी होती. नाही केली, ती चूक माझी.

राजाभाऊ पुण्याचे, तेल कंपनीत मोठे इंजिनिअर, फरीज बिन ओमरानच्या चांगल्या वस्तीत फ्लॅट. पेटी वाजवायचे, विलायती रेकॉर्डी जमवायचे. माणूस वाईट नव्हता, त्याचाच जास्त राग येतो. दिवाळीला आमच्या खोलीवर फराळाचा डबा पाठवायचे. कार्यक्रमाला बरीच भारतीय कुटुंबं येणार म्हणून मॅडमनी त्यांना सांगितलं, आधी अर्धा तास हे संगीत समजावून द्या. रविवारी ते सरावाला आले. पुठ्ठा बघून म्हणाले, “अरे वा, संपत! देवनागरीत? दे मला, भाषणात दाखवतो.”

मी माझ्या हातानं दिला. वर आनंद झाला. कुणी लिहिलं ते विचारतील, चारचौघांत आईचं नाव निघेल, असं वाटलं मला मूर्खाला.

शुक्रवारी हॉल भरला. राजाभाऊ हिंदीत बोलले आणि सुरुवातीला चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू? दगडी चर्चमधला घुमारा, लांब सोडलेले सूर, चार आवाज एकमेकांना वाट कशी देतात, सगळं सांगितलं. मग त्यांनी पुठ्ठा वर धरला. कागदभर लाल शाई.

“ये हमारे अनपढ़ भाइयों की सरगम है,” ते कौतुकानं म्हणाले. “ध को ड लिखा है, प को फ! मैंने सुधार दिया. अब सुनिए.”

आणि त्यांनी पेटीवर वाजवलं. स दिसला की सा, म दिसला की मध्यम, आणि स्वतःच्या हातानं घातलेले ध आणि प; ल, ट सरळ गाळले. भयानक वाजलं. हॉल खदखदून हसला. “देखा? इसमें संगीत नहीं, सिर्फ श्रद्धा है.”

अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले खूप बघितलेत, पण हे माझ्या आईच्या अक्षरावर! मी उठलो. “साहेब, तो ध नाही, ड आहे. डो. तोच तुमचा सा. आणि आमचा स म्हणजे सो, तुमचा पंचम.”

ते हसले आणि मराठीत म्हणाले, “संपत, प्रश्न शेवटी.”

शेवटी प्रश्न नव्हतेच. टाळ्या, आभार, चहा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पडद्यामागं आमच्यातला धोंडीराम परत आलेल्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. तो ट्रक चालवायचा, अक्षर दिसल्याशिवाय त्याला सूर लागायचा नाही. “आरं, ह्यो लाल ध कुठनं आला? आता म्या काय म्हनू?”

मी पुठ्ठा पालथा घातला. “काही बघू नका. आई बाकावर बोटं वाजवायची, तसं मी मांडीवर वाजवतो. त्या ठेक्यावर, माझा सूर धरून म्हणा.”

आम्ही गायलो. ‘पवित्र’ हा शब्द रागानं म्हणू नये, मी रागानंच म्हटला. पण सूर पोटातून आला आणि सहाजणांत एकही घसरला नाही. मॅडमनी मधेच आमच्याकडे बघून मान डोलावली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

नंतर राजाभाऊ हात पसरून आले. “अप्रतिम! अरे, ते ड म्हणजे काय, आधी नाही का सांगायचंस?”

“पाच दिवस कागद तुमच्याकडे होता. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

ते जरा वरमले. “बरं, सॉरी. लाल शाईचं मनावर घेऊ नकोस. मूळ प्रत असेल ना? त्यावरून नवीन उतरवून घे.”

मी पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. “मूळ प्रत हीच. आईनं लिहिलेली. मागच्या महिन्यात गेली ती.”

त्यांचा चेहरा पडला. घाईघाईनं खिशातून रुमाल काढला, पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि पहिल्या लाल ध वर घासायला लागले.

“बस, खलास, साहेब! हात लावू नका!” मी ओरडलो.

शाई तशीच राहिली होती. खालचा पेन्सिलीचा ड पुसला गेला होता.