मुकादमबाईंच्या भुवया

“डोळे मिटायला सांगायचं, चेहरा सैल सोडायला लावायचा आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची. हलत्या चेहऱ्यावर भुवई काढशील तर फसशील बघ.”

धाकटीला हे काम शिकवणाऱ्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण खुर्चीत कुणी येऊन बसलं की त्यांचा आवाज तिच्या कानाशी हजर. त्या संध्याकाळीही तो आला आणि धाकटीनं तो निमूटपणे ऐकला. कारण खुर्चीत बसल्या होत्या तिच्या थोरल्या नणंदबाई, ज्यांनी उभ्या जन्मात तोंडाला पावडरसुद्धा लावली नव्हती.

धाकटीचं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली: एक खुर्ची, एक आरसा आणि मान वळवता येणारा दिवा. वन्संची खोली मागच्या बाजूला. पहाटे उठून, कुणाशी अक्षर बोलण्याआधी एक प्रार्थना म्हणायची हा त्यांचा नेम. ताप असो, पाहुणे असोत, त्यात खंड नाही. मग डबा घेऊन कामावर. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या धुलाईघरात त्या मुकादम होत्या आणि तिथल्या कामगारांचा गायनगट त्यांनीच उभा केला होता. कीबोर्ड स्वतः वाजवायच्या आणि वाजवता वाजवता साऱ्यांकडून गाऊन घ्यायच्या. चादरींना इस्त्री करणारे हात संध्याकाळी असं गायचे की रस्त्यानं जाणारा माणूस खिडकीशी थबकायचा.

मग आजारपण आलं. लांबलं. अंगावरचे केस गळाले. डोक्यावरचे परत आले, भुवयांचे काही आले नाहीत; आठवण राहावी एवढे चार केस उरले. वन्संना त्याचं सुखदुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. त्या परतल्यापासून गटाचा मेळ बसेना. कुणी आधीच सूर लावी, कुणी मागून धावत येई. गटाचे चिटणीस म्हणाले, “बाईंचा हात गेला. आजारपणात जातो माणसाचा हात.” पुढच्या रविवारी स्पर्धा होती. तिथं फजिती झाली, तर बाईंच्या जागी एक तरुण मास्तर आणायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. त्याच्याकडे म्हणे साथ देणारं यंत्र होतं.

वन्सं तालमी घेत राहिल्या. पण पहाटेच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज मधेच तुटू लागला. भिंतीपलीकडे धाकटीला ते ऐकू येई आणि तिची झोप उडे.

उलगडा झाला तो एका विसरलेल्या गोळीमुळे. वन्संची दुपारची गोळी घरीच राहिली, म्हणून धाकटी धुलाईघरात गेली. आत यंत्रांचा असा गडगडाट की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. तिथं कुणी तोंडानं बोलतच नव्हतं. इस्त्रीच्या रुळापाशी उभ्या एका बाईनं भुवया उंचावल्या, समोरचीनं पुढची चादर सोडली. एकीनं कपाळाला आठी घातली, तर पलीकडच्या माणसानं खटकन चादरींचा सरकता पट्टाच थांबवला. चादर फाटली होती. सगळं धुलाईघर भुवयांनी बोलत होतं. एवढ्यात वन्संनी एका बाईकडे बघून कपाळ उचललं. ती बाई गोंधळली, हातातलं काम टाकून जवळ आली आणि वन्संच्या कानात ओरडली, “काय म्हणालात?”

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाताना वन्संचे दोन्ही हात कीबोर्डवर. मग इशारा द्यायचा कशानं?

घरी आल्या आल्या तिनं विषय काढला. “वन्सं, तुमचा हात गेलेला नाही. भुवया गेल्यात.”

“ते मला आरशात दिसतं.”

“तुम्हाला दिसतं हो. मागच्या रांगेला दिसत नाही, तिथं घोटाळा आहे. मी काढून देते.”

“नको गं. ज्या तोंडानं प्रार्थना म्हणते त्यावर रंगरंगोटी नको.”

“कवळी लावून म्हणताच ना प्रार्थना?”

“कवळीचं तुला कुणी सांगितलं?”

“पेल्यात दिसते रोज. वन्सं, मी नवीन काही लावत नाही. होतं तेवढंच परत ठेवते. जास्त वाटलं तर पुसून टाका.”

वन्सं खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “खोटं दिसता कामा नये.”

धाकटीनं शिकवणीबरहुकूम केलं. वन्संना मागे रेलून झोपवलं, डोळे मिटायला लावले. केसांच्या रंगाहून जरा फिकी पेन्सिल घेतली आणि निवांत चेहऱ्यावर दोन देखण्या, जुळ्या भुवया भरून काढल्या. स्वतःच्या कामावर ती खूश झाली आणि मागोमाग तालमीलाही गेली.

तालीम सुरू झाली. वन्संनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि मन लावून वाजवताना त्यांच्या भुवया नेहमीसारख्या नाकाकडे सरकल्या. पण आता त्यांची आतली टोकं भरलेली होती. ती एकमेकींना भिडली. कपाळावर अशी काही आठी उमटली की आख्खा गट एका दमात थांबला, जसा पट्टा थांबतो. पुढची ओळ कुणाच्याही तोंडून निघेना.

मागच्या रांगेतून, चादरींची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरदादांनी हळूच विचारलं, “बाई, आमचं काही फाटलं का?”

दोघीतिघींना हसू आवरेना. चिटणीस मात्र हसले नाहीत. “बघा,” एवढंच म्हणाले.

दोघी घरी परतल्या. दारात चप्पल काढताना वन्सं म्हणाल्या, “राहू दे आता. देवानं जेवढे दिवस गाऊ दिलं तेवढे दिले.”

“देवानं दिलं होतं, मीच नीट परत ठेवलं नाही,” धाकटी म्हणाली. “चूक माझी. मी झोपलेल्या बाईच्या भुवया काढल्या. तुम्ही काय झोपून गाता?”

तिनं दिवा ओढून वन्संच्या खोलीतल्या सरावाच्या कीबोर्डपाशी आणला. वन्संचा चेहरा ओल्या कापसानं स्वच्छ पुसला. “बसा. वाजवा. गा. आणि हला, हवं तेवढं हला.” शिकवणाऱ्या बाई कानाशी कुरकुरल्या असतील, धाकटीनं त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि पुढे गेली.

वन्सं गाऊ लागल्या. धाकटी शेजारी गुडघ्यांवर बसून नुसती बघत राहिली. सूर चढला की कातडी कुठवर उचलली जाते, हळू गाताना कुठं घडी पडते. घडी पडते तिथं तिनं काही भरलं नाही. आतल्या टोकांशी मोकळी जागा ठेवली. बाकी एकेक केस काढला: आतल्या बाजूचे उभे, कमानीवरचे कानाकडे कललेले, शेवटचे खाली उतरणारे. डावी भुवई उजवीहून किंचित वर जायची, ती तिनं तशीच राहू दिली. मग कोरड्या ब्रशनं रेषा विंचरून मोडल्या. पुन्हा गायला लावलं. खोलीच्या टोकाला जाऊन पाहिलं, मग दाराबाहेर जाऊन पाहिलं. कमानीच्या खालच्या कडेला जरा गडद हवं होतं, तेवढं केलं. रविवारपर्यंत रोज काढलं, रोज पुसलं. हात बसला.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. धाकटी मुद्दाम सगळ्यात मागे बसली, शेजारी चिटणीस. गाण्याच्या मध्यावर एक जागा होती जिथं सगळं थांबायचं, कीबोर्डसुद्धा. मग कोऱ्या शांततेतून साऱ्यांनी एकदम सूर धरायचा. कुठलाही गट घसरावा अशी ती जागा. धाकटीचा जीव टांगणीला लागला.

सूर थांबले. कुणीतरी खोकलं तेही ऐकू आलं. वन्संचे हात पुढच्या सुरासाठी कीबोर्डवर तयार थांबले. आणि प्रखर दिव्याखाली, भरल्या सभागृहाच्या पार टोकाशी बसलेल्या धाकटीला स्पष्ट दिसलं: त्यांच्या भुवया उचलल्या गेल्या, डावी किंचित जास्त, जशा आजारपणाआधी जात.

आख्ख्या गटानं एकच श्वास घेतला. सूर असा उमटला की जणू कुणी मोठं दार सताड उघडलं. सभागृहाच्या भिंती भरल्या, धाकटीच्या अंगावर काटा आला, पुढच्या रांगांतली माणसं नकळत ताठ बसली. भुवया उतरल्या तसा सूर मऊ झाला. उचलल्या तसा पुन्हा उसळला. इस्त्रीवाल्या, घडीवाल्या, ड्रायव्हर, सारे एका चेहऱ्याला बांधलेले. गाणं संपलं तेव्हा क्षणभर कुणाला टाळ्या सुचल्या नाहीत. मग मात्र त्या थांबेनात.

चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. “बाईंचा हात परत आला हो.”

“आला खरा,” धाकटी म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

पहिला क्रमांक जाहीर झाला. मास्तरांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. कीबोर्ड उचलून गाडीत ठेवायला चिटणीस स्वतः पुढे झाले. गटातल्या बायका वन्संभोवती गोळा झाल्या. “बाई, विश्रांती मानवली बघा तुम्हाला. चेहरा अगदी पहिल्यासारखा झाला.” वन्सं धाकटीकडे बघून मंद हसल्या. कुणाला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. याहून मोठं बक्षीस धाकटीला नको होतं.

कळलं होतं एकट्या ड्रायव्हरदादांना. गर्दीतून वाट काढत ते तिच्यापाशी आले. “वहिनी, बाईंच्या भुवया तुम्ही काढल्यात ना?”

“दिसतं का हो?” धाकटी चपापली.

“कुणाला दिसणार नाही. पण घरी आमच्या हिच्या गेल्यात, आजारपणातच. तेव्हापासून मी येईल त्याच्या भुवया बघत बसतो.” ते हलक्या आवाजात पुढे म्हणाले, “आज ऐकायला चल म्हणालो, आली नाही. दार उघडायलाही जात नाही ती. तुमच्याकडे काही यायची नाही.”

“त्यांनी कशाला यायचं? मी येते.”

“कधी?”

“आज, उजेड आहे तोवर.”

“आज तर तुमच्या घरी आनंद आहे.”

“आहे ना. म्हणूनच येते.” तिनं विचारलं, “केस कसे आहेत त्यांचे? काळेभोर, की तांबूस?”

“तांबूस. आता थोडे पिकलेत.”

सभागृहात चहा सुरू झाला होता, कुणीतरी वन्संना पुन्हा गायचा आग्रह करत होतं. धाकटी घरी गेली. पार्लरच्या कप्प्यातून तिनं तांबूस पेन्सिल निवडली, तिच्याशेजारी राखाडी ठेवली, ब्रश स्वच्छ फडक्यात गुंडाळला, हाताचा छोटा आरसा पिशवीत टाकला. मग दार ओढून घेतलं आणि दादांनी सांगितलेल्या गल्लीच्या दिशेनं, कुणाला न सांगता, चालू लागली.