फाटकातून आलेला दुधी

"बाई, सिंपल आहे. बाहेरून येणारे बंद करा, मजुरी आपोआप वाढेल," प्रीतम म्हणाला आणि अख्ख्या बारावीने बाकं वाजवली.

अर्थशास्त्राच्या तासाला वाद घाला, असं मीच म्हटलं होतं. घ्या आता. योगिनी उठली. "बाई, ते लोक दिवा स्टेशनजवळ ट्रॅकच्या कडेला गटाराच्या पाण्यावर भाजी पिकवतात. शी. वर स्वस्तात विकून आपल्या शेतकऱ्यांचं मार्केट खातात."

मागच्या बाकावरून संदेश म्हणाला, "ज्याला मागणी नाही त्याला किंमत नाही. बाईंनीच शिकवलंय." हा आमच्या कल्याणच्या चर्चमधला, सेक्रेटरी प्रशांतभाऊंचा मुलगा. वाक्य माझंच, पण त्याच्या तोंडून ऐकताना कुणाचं तरी उष्टं खाल्ल्यासारखं वाटलं.

रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण होता. शेती आता कुणाकडेच नाही, तरी त्या दिवशी मंडळी धान्य, फळं, कोंबडी, घरचा केक, काहीबाही आणून देवापुढे ठेवतात. उपासना संपली की त्याचा लिलाव होतो आणि पैसा गोरगरिबांना जातो. पाळकसाहेबांनी प्रवचन छान केलं. कापणी करताना शेताचा एक कोपरा परक्यासाठी सोडावा, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

लिलावाच्या आधी सुगनी आत आली. चर्चच्या फाटकाबाहेर टोपली मांडून भाजी विकते, राहते दिव्याला, मूळची बिहारची. सणाचा बोर्ड बघून तिने मला आदल्या रविवारी विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, "पहली फसल भगवान को देते हैं." तेवढ्यावर ही बाई डोक्यावर पदर घेऊन, धुतलेला दुधी दोन्ही हातांत धरून आली. आमच्याकडे चपला कुणी काढत नाही, हिने फाटकातच काढल्या होत्या. दुधी टेबलावर ठेवला, हात जोडले आणि आल्या पावली बाहेर गेली.

प्रशांतभाऊंनी तो उचलून नाकाशी नेला आणि टेबलाखाली सरकवला.

"सलाम, बाई. तुम्ही बोलावलंत हिला? गटाराचा माल देवापुढे ठेवायचा?"

"कोपरा सोडायचा ना परक्यासाठी?"

"ते प्रवचन झालं," ते म्हणाले.

मला किळस आली. दुधीची नव्हे. हाच माणूस दर महिन्याला प्रभुभोजनाचं, सगळ्यांनी एकाच भाकरीतून खायचं, ताट आमच्यापुढे फिरवतो. मी वाकून दुधी वर काढला. "पुकारा."

त्यांनी माइकवर पुकारला. कुणी तोंड उघडेना. संदेश बापाशेजारी ओठ दाबून हसत होता.

"मी घेते," मी म्हटलं.

आमची रीत अशी, की घेणाऱ्याने वाटलं तर वस्तू परत देवाला द्यायची, मग पुन्हा बोली. पाळकीणबाईंचा केक तर चांगला फिरला होता. मी दुधी परत टेबलावर ठेवला. एक तरी घेईल, एवढ्या भरल्या चर्चमध्ये एक तरी. पुन्हा माझीच बोली. तिसऱ्यांदाही माझीच. कुणी मोबाइल काढला, कुणी उगाच लेकराला दटावलं, पाळकसाहेब स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. सगळ्यांच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं, पण देवाचं घर, काय करणार. दुधी पिशवीत टाकला आणि बाहेर पडले.

फाटकाशी सुगनी शेजारच्या फुलवाल्या कलावतीला सांगत होती. आतलं तिला काही दिसलं नव्हतं, माइकवरचं पुकारणं तेवढं ऐकू आलं होतं.

"मुर्गी को एक बार बोला," ती म्हणाली. "मेरा वाला तीन बार."

मला पाहून ती उठून उभी राहिली. चेहरा नुसता फुलला होता. "दीदी, अगले साल और बड़ा लाऊँगी."

"लाना," मी म्हटलं. दुधीचा देठ पिशवीतून वर आला होता. त्यावर मी पदर ओढला आणि रिक्षाला हात केला.