पाच वाजेपर्यंतचा ऑपरेटर

"पासवर्ड तेवढा लिहून द्या काका, मग जावा," अक्षता म्हणाली.

धोंडिराम हसला. एकतीस वर्षं पंपहाऊस सांभाळून आज पाच वाजता तो निवृत्त होणार होता. त्याच्या जागी ही पाटणहून बदली होऊन कवठे महांकाळला आली होती.

"पासवर्ड न्हाई, पोरी. आदी भिताडावर खडूनं लिवल्याला असायचा. सगळ्या गावाला पाठ. ह्या पेटीत तसलं काय न्हाई."

पेटी पंपाशेजारीच होती. शिवारातली ओल मोजून, सांगलीच्या ऑफिसला न विचारता, कुठला व्हॉल्व सोडायचा हे ती इथल्या इथंच ठरवी. निरोप सगळ्यांच्याच फोनवर जाई, पण कुलूपबंद. ते कुणासाठी उघडायचं, हेही त्या निरोपातच ठरलेलं असे.

*ऑपरेटर असावा.*
*आणि कवठे महांकाळचा असावा.*
*आणि सेवेत असावा.*

तिन्ही जुळलं तरच.

पहिल्या व्हॉल्वचा बागायतदार आप्पासो दारात उभा होता. कुणाला पाणी सुटणार हे आधी कळलं, की वरच्या अंगाची माणसं ते वाटेतच वळवून घेत.

"एकतीस वर्षं च्या पाजला ह्याला," आप्पासो म्हणाला. "पाणी कुणाला सुटणार, एकदा सुदीक बोलला न्हाई."

"च्याबी पाणचट हुता," धोंडिराम म्हणाला.

पाच वाजले.

*आणि सेवेत असावा.*

पाच वाजून दोन मिनिटांनी सगळ्यांचे फोन वाजले. अक्षताचा निरोप उघडला. धोंडिरामच्या फोनवर नुसती अक्षरांची खिचडी. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्याचा अर्धा एकर मका सातव्या व्हॉल्ववर होता, अगदी शेवटाला. आज पाणी चुकलं तर कणसं भरणार नव्हती.

"सातवा हाय का गं?" त्यानं हळूच विचारलं.

अक्षतानं फोन टेबलावर उलटा ठेवला. "तुमी आता शेतकरी, काका. पाळी आली की तुमचा निरोप तुमाला उघडंल."

आप्पासोला हसता हसता ठसका लागला. "ये रं गड्या, आमच्या रांगंत."

धोंडिरामनं फोन खिशात घातला. मग तोही हसला. "नोकरी झ्याक करशील तू, पोरी."

विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, फावडं घेऊन तो सातव्या व्हॉल्वपाशी गेला. पाइपाचं तोंड कोरडं होतं. बांधावर चौघं जण वाट बघत बसले होते.

"सुटतंय का वं, साहेब?" एकानं विचारलं.

"मला काय ठावं, गड्या?"

चौघं जण थोडे सरकले. धोंडिराम त्यांच्यात बसला.