दगूबाईचा प्रश्न

"बाईंना बाहेर बसू द्या. तुम्ही आत या," डॉक्टर म्हणाले, आणि नवल फिटरला तिथेच समजले.

डॉक्टर हात धूत होते. पाठमोरेच बोलले. "छातीतली गाठ साधी नाही. कॅन्सर म्हणतात याला. काखेत उतरलाय. वर्षभर आधी आणलं असतं तर कापून बघितलं असतं. आता सहा महिने, फार तर आठ."

नवल टोपी हातात धरून उभा राहिला.

"बाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा," डॉक्टर हात पुसत वळले. "काही विचारायचंय?"

विचारायचे होते. शहाद्याहून येताना, तापीच्या नावेत, त्याच्या बायकोने, दगूबाईने, एकच गोष्ट त्याच्यावर सोपवली होती. तिच्या मांडीवर लाल छिटाची कुंची होती, होणाऱ्या नातवंडासाठी शिवायला घेतलेली. सुई थांबवून ती म्हणाली होती, "डॉक्टर गंज काही सांगी. तुम्ही इतलंच इचारा, हाई लागट शे का, दुसराले लागस का? सिंधू बाळंतपनले येई. पोरले न्हाऊ घालानं शे, मांडीवर लेवानं शे. माले तितलंच कळाले पाहिजे."

ती स्वतः विचारणार नव्हती. परक्या पुरुषासमोर तोंड उघडायची त्यांच्या घरात रीत नव्हती. डॉक्टर तपासत होते तेव्हाही ती पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती, आणि कुठे दुखते ते नवलनेच सांगितले होते.

"नही," नवल म्हणाला. "काय इचारू?" आणि बाहेर आला.

नवल शहाद्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. कापसाचा हंगाम सुरू झाला की नव्याने कामाला आलेल्या प्रत्येक बाईला तो आधी यंत्रापाशी उभी करी आणि बोटाने जागा दाखवी. "आठे बोट जाई. आठे पदर जाई. बांगडी अडकनी तं आरोळी ठोक, लाजू नको." बाया हसत. "नवलभाऊ, तुम्ही तं काम सांगाना पयले मरनंच सांगतस!" तो म्हणे, "सांगस म्हनीसन जित्त्या शेतस." अठरा हंगामांत त्याच्या यंत्रावर एकाही बाईचे बोट गेले नव्हते. जिनात त्याच्याइतके स्पष्ट बोलणारे कोणी नव्हते.

परतताना सारंगखेड्याला नाव भरलेली होती. एक बैलगाडी, दोन बकऱ्या, बाजाराची माणसे. दगूबाई काठाशी बसली.

"काय म्हने?"

"गाठ शे. औषध दिन्हं."

"लागट शे का?"

नवल पाण्याकडे पाहत राहिला. तोंड उघडले तर आठ महिने बाहेर पडतील, असे त्याला वाटले. म्हणून त्याने तोंड उघडले नाही.

वाईट गोष्ट तोंडाने बोलायची नाही, ही त्यांची जुनी सवय होती. दगूबाईचा भाऊ गेला तेव्हाही नवल निरोप घेऊन आला आणि दारात नुसता उभा राहिला होता. ती भाकरी थापत होती. तिने त्याच्याकडे पाहिले आणि तवा उतरवला. आताही तिने त्याच्याकडे पाहिले. मग सुई तशीच शिवणीत टोचून ठेवली, कुंची गुंडाळून गाठोड्यात घातली आणि गाठ मारली.

त्या संध्याकाळपासून तिने आपले ताट आणि तांब्या वेगळा केला. नवलने विचारले, "हाई काय नवं?"

"औषधना वास येस भांडाले," ती म्हणाली.

त्याला ते पटले नाही. पण खोदून विचारले तर ती उलटून विचारेल, या भीतीने तो गप्प बसला. तिने आपले अंथरूण ओसरीवर नेले. सिंधू बाळंतपणाला आली तशी चूल सिंधूकडे दिली, आणि मग शेजारच्या कमलीबाईकडे. नवल म्हणे, थकली असेल.

पौषात सिंधूला मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळण्याला सगळ्या बाया जमल्या. कमलीबाईने पोर उचलून दगूबाईपुढे धरली.

"ले वं दगी, पयला मान आजीना! दख, नाक कसं तुन्हंच शे, बसेल."

बाया हसल्या. दगूबाईही हसली, पण दोन्ही हात पाठीमागे घेऊन दोन पावले मागे सरकली. "तूच घाल पाळणाम्हा. मन्हा हात दुखतस."

हसणे थांबले. सिंधूने खाली मान घातली.

पोरीला रोज कमलीबाई न्हाऊ घाली. दगूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राही. पाणी कढत आहे का, टाळूला तेल घातले का, शेक नीट दिला का, सगळे तिथूनच सांगे. आत मात्र पाऊल टाकत नसे.

एके दिवशी सिंधूने बापाला गाठले. "बा, पोऱ्या व्हता तं मायनी उचली लिन्हा असता ना?"

"असं नही वं बाई. तिनं आंग बरं नही."

"शेन थापाले हात चालतस. नातले लेवाले चालत नही?"

नवलकडे उत्तर होते. ते दिले तर सिंधू रडेल, आणि सिंधू रडली की दगूबाईला कळेल. तो जिनात निघून गेला. सव्वा महिना भरताच सिंधू कळसाडीला सासरी गेली. गाडीत चढताना तिने आईच्या पाया पडून घेतले, पण पोरीला पाया पडायला पुढे केले नाही. दगूबाई गाडी वळेपर्यंत उभी होती.

ज्येष्ठात ती गेली. सिंधू आली, रडली आणि तेरावा होताच गेली. दुसऱ्या दिवशी कमलीबाई दगूबाईचे ताट घेऊन दारात उभी राहिली.

"भाऊ, हाई ताट जमिनम्हा पुरी टाकू का? दगी सांगी गयी व्हती, कोनले जेवाले देऊ नका म्हने."

"काबरं?"

"काबरं म्हंजे? लागट व्हतं ना तिनं दुखनं. पोरले हात लावाले कितली तरसे ती! मी म्हनू, एकदाव ले, काय व्हत नही. ती म्हने, नही, यासनी डॉक्टरले इचारं शे."

"मी नही इचारं," नवल म्हणाला.

कमलीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग ताट ओसरीवर ठेवून गेली.

दोन दिवसांनी नवल नावेने नदी ओलांडून दवाखान्यात गेला. ओळीत बसला. नंबर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "काय होतंय?"

"माले काही नही, साहेब. एक इचारानं ऱ्हायी गयं व्हतं. कार्तिकम्हा मन्ही बायको लयेल व्हती. ती छातीनी गाठ... ती लागट ऱ्हास का?"

"छे, मुळीच नाही. तो रोग लागत नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनी नही."

"बाई कशा आहेत?"

"गयी," नवल म्हणाला, आणि टोपी घालून उठला.

तिथून तो घरी आला, गाठोडे सोडले, कुंची काढली आणि कळसाडीला गेला. सिंधू ओट्यावर बी निवडत होती. पोर जवळ गोधडीवर पालथी पडली होती. नवल बसला आणि त्याने सगळे सांगितले, जिनात नव्या बाईला सांगावे तसे, काही न गाळता. नावेतला प्रश्न, आपले गप्प बसणे, वेगळे ताट. आजच डॉक्टर काय म्हणाले तेही.

सिंधूचे हात सुपात थांबले. ती म्हणाली, "ती दारम्हा उभी ऱ्हाये ना बा, तवय मी पाठ करीसन पोरले पाजू. तिले दिसू नही म्हनीसन."

 नवलने कुंची पुढे केली. एका बाजूची शिवण अर्धी होती आणि तिथे सुई गंजून बसली होती. सिंधूने सुई हळूच ओढली, ती मोडली. तिने कुंची पोरीच्या डोक्याला लावून पाहिली. सहा महिन्यांत पोर वाढली होती. कुंची कपाळावरच अडली.

"तू शिवी टाक," नवल म्हणाला.

"नही," सिंधू म्हणाली, आणि घडी घालून ती कुंची पेटीत ठेवायला आत गेली.

नवल नातीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. सिंधूला सांगून झाले होते. दगूबाईला सांगायचे राहिले.